चतकोर काट्याचा विमा

मुलांनो, गप्प बसा आणि ऐका. एका जंगलात एक म्हातारं अस्वल राहत होतं. कुठल्या जंगलात ते विचारू नका, उगाच तिथल्या मंडळींना राग यायचा. अस्वलाचं नाव झिपरोजी. त्याच्या बायकोचं नाव मधुराबाई.

झिपरोजी तसा भला माणूस. माणूस म्हणजे अस्वल. ए, हसायचं नाही. पण त्याला एक खोड होती. कुठलीही वस्तू चार ठिकाणी बघितल्याशिवाय घ्यायची नाही. साधी वाळवी खायची झाली तरी आधी आसपासची सगळी वारुळं हुंगून यायचा. तोवर पहिल्या वारुळातली वाळवी बिऱ्हाड हलवून मोकळी. मग उपाशीपोटी घरी येऊन मधुराबाईंना सांगायचा, "पण फसलो नाही बरं का!"

त्या हिवाळ्यात झिपरोजीच्या नाकाभोवतीचे केस पांढरे झाले आणि त्याच सुमाराला त्याच्या पायात बाभळीचा काटा घुसला. चांगला जाडजूड काटा. झिपरोजी असा ओरडला की झाडावरची पाखरं उडाली.

आता त्या जंगलाचा राजा सिंह फार म्हणजे फारच दयाळू. पांढऱ्या केसांच्या प्राण्यांवर सरकारी खर्चाने उपचार व्हायचे. झिपरोजी लंगडत राजवैद्यांकडे गेला. राजवैद्य म्हणजे बगळा. त्याने एक डोळा मिटला, चोच पुढे केली आणि काटा ओढायला सुरुवात केली. अर्धा आला. पाऊण आला. आणि बगळा थांबला.

"अहो वैद्यबुवा, थांबलात का? ओढा की!"

"सरकारी वाटा पाऊण," बगळा चोच पुसत म्हणाला. "उरलेला चतकोर तुमचा तुम्ही बघायचा. त्याला पुरवणी विमा लागतो."

झिपरोजी तसाच घरी आला. पाऊण काटा बाहेर लोंबतोय, चतकोर आत. मधुराबाईंनी कपाळाला हात लावला.

"आणा तो पाय इकडे. दातांत धरते नि ओढते."

"खबरदार! हे सगळं विम्यात बसतं. फुकटचं ओढायला आपण काय खुळे आहोत?"

"अहो, पळस फुलला की नातीचं उष्टावण आहे. डोंगर चढून लेकीकडे जायचंय. पहिलं मधाचं बोट आजोबांनी चाटवायचं असं ठरलंय ना? असे लंगडत चढणार?"

नातीचं नाव काढलं की झिपरोजी विरघळायचा. तिच्यासाठी त्याने भोपळाभर मध साठवला होता. स्वतः थेंबसुद्धा चाखला नव्हता. अधूनमधून भोपळ्याजवळ जाऊन नुसता वास घ्यायचा आणि बाहेर आलेली जीभ आत ओढायचा. अस्वलाने मध न खाणं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं.

"पळस फुलायला अवकाश आहे," तो म्हणाला. "आधी नीट तुलना करतो."

राजाने दवंडी पिटलेली होती. पांढरे केस आलेल्यांनी पळस फुलायच्या आत विमा उतरवावा. तोवर कुठल्याही विमावाल्याने गिऱ्हाइकाच्या पायाकडे बघायचं नाही, काटा असो वा नसो. आणि विमा कुणाकडूनही घ्या, चतकोर तोच, वैद्य तोच, चोचही तीच. फरक असेल तो फक्त हप्त्यात.

झिपरोजीने दवंडी शेवटपर्यंत ऐकली. पण सगळ्यांकडे सगळं सारखंच आहे म्हटल्यावर त्याला संशय आला. यात नक्की काहीतरी गोम असणार!

तो कोल्ह्याकडे गेला. कोल्हा म्हणाला, "या काका, बसा काका, महिन्याला दोन बोटं मध." तो तरसाकडे गेला. तरसाचा हप्ता जरा जास्त, आणि काहीही विचारलं की तरस हसायचं. तो मुंगसाकडे गेला. मुंगसाचा हप्ता त्याहून जास्त, पण विम्यासोबत ताडाच्या पानाचा पंखा फुकट. पंखा बघून झिपरोजी घोटाळ्यात पडला. बरं, पाणवठ्याच्या खडकावर रोज सकाळी पांढऱ्या केसांची मंडळी जमायची, तिथला सल्ला वेगळाच.

"घाई करू नका," म्हातारा गवा रवंथ करत म्हणाला. "पुढच्या महिन्यात हप्ते उतरणार असं कानावर आहे."

"कुणाच्या कानावर?"

"माझ्याच. दुसऱ्याच्या कानाचं मी कशाला सांगू?"

मग झिपरोजी पुन्हा कोल्ह्याकडे, पुन्हा तरसाकडे, पुन्हा मुंगसाकडे. लंगडत जायचा, लंगडत यायचा. पायाला ठणका लागला होता. मधुराबाई रोज म्हणायच्या, "ओढू का?" तो रोज म्हणायचा, "थांब गं, ठरतच आलंय."

आणि एक दिवस मान वर करून बघतो तर काय, अख्खा डोंगर केशरी झालेला! पळस फुलला होता. झिपरोजी तीन पायांवर उड्या मारत मुंगसाकडे पोचला.

"ठरलं! तुमचाच विमा घेतो. पंख्यासकट!"

"वा काका! आता जरा पाय दाखवा."

"पायाकडे बघायचं नाही, अशी दवंडी आहे!"

"ती कालपर्यंत होती. अरे बापरे, हा काटा केवढा! नाही जमायचं, काका."

"अरे, पण काट्यासाठीच विमा हवाय मला!"

"काटेवाल्यांना काट्याचा विमा द्यायला लागलो तर आमची पोरंबाळं काय खातील? आधी पाय साफ करून या."

कोल्ह्याने तेच सांगितलं. तरसाने तेच हसून सांगितलं. झिपरोजी घरी आला आणि भोपळ्याला टेकून ढसाढसा रडला. "आता कसला डोंगर चढतोय मी! नातीचं तोंड कसं बघणार गं!"

मधुराबाई जवळ आल्या. वाकल्या, काटा दातांत धरला आणि खस्सकन ओढला. मोहरीएवढं रक्त आलं, बस्स. झिपरोजीने भीत भीत पाय टेकला. मग जोरात टेकला. मग नाचलाच.

"चला," मधुराबाई डोळे पुसत म्हणाल्या, "भोपळा घ्या. उष्टावणाला निघू."

झिपरोजीने भोपळा उचलला आणि धावत सुटला. सुटला तो थेट मुंगसाकडे.

"अहो, तिकडे कुठे?" मधुराबाई मागून ओरडल्या. "काटा निघाला ना आता!"

"म्हणूनच तर!" झिपरोजी धावता धावता ओरडला. "आता पाय साफ आहे. आता विमा मिळतो! अशी संधी परत येणार आहे का?"

मुंगसाने पाय उलटसुलट करून बघितला. खूश झाला. फक्त मुदत टळल्यामुळे हप्ता वाढला होता. पहिलाच हप्ता म्हणून त्याने भोपळाभर मध ओतून घेतला आणि पंखा दिला.

उष्टावणाला सगळं गणगोत जमलं होतं. नात पाटावर बसली होती. आजोबांना बघून तिने आनंदाने आ वासला. झिपरोजी तिच्याजवळ गेला. त्याने हातातल्या पंख्याने तिला वारा घातला. नातीने तोंड मिटलं, आणि मग आणखी मोठं उघडलं.

तेवढ्यात व्याही पुढे आले. त्यांच्या हातात काठोकाठ भरलेला भोपळा होता.

"यातला चाटवा की," ते म्हणाले. "घरचाच आहे. मलाही हिवाळ्यात काटा लागला होता. पहिला भेटला तो कोल्हा, त्याच्याकडेच उतरवला विमा. महिन्याला दोनच बोटं मध जातो. बाकीचा साठतो."

"चार ठिकाणी बघितलं नाहीत?" झिपरोजीने खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

"कशाला? सगळे सारखेच, असं दवंडीतच सांगितलं होतं."

झिपरोजीने व्याह्यांच्या मधात बोट बुडवलं आणि नातीला चाटवलं. तिने मिटक्या मारल्या. मग ती पाटावरून उतरली, दुडूदुडू चालत गेली आणि भोपळेवाल्या आजोबांच्या मांडीवर जाऊन बसली. झिपरोजी दोघांना वारा घालत उभा राहिला.

परतताना मधुराबाईंनी विचारलं, "अहो, पाय बरा झालाय ना? मग लंगडताय का?"

"काही नाही गं," झिपरोजी म्हणाला. "कुठंतरी चतकोर राहिलाय."

तात्पर्य : विमा उतरवण्याआधी आपला काटा आपणच काढून घ्यावा, म्हणजे विमावाल्यांना तसदी पडत नाही आणि ते विमा आनंदाने देतात. तुलनाही जरूर करावी. फक्त ती व्याह्यांशी करू नये.