न बघण्याचा ठराव

लोकलज्जा ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचं रक्षण एकट्यादुकट्यावर सोडून चालत नाही. त्याला समितीच लागते. हे आमच्या हॅलस्टोव गावाइतकं कुणाला पटलेलं नसेल. मी तिथल्या गावसभेचा कारकून होतो, म्हणून जे सांगतो ते दप्तरानिशी.

आमचे सरदार थर्किल न्यायी होते. ज्याच्या घरी चूल, त्याला चुलीवर कर. चूल विझवली, तर थंडीवर कर (थंडी त्यांच्याच डोंगरावरून खाली येत असे). त्या हिवाळ्यात अकरा घरांनी चुली विझवल्या. त्यांतल्या तीन घरांत पुढे कर माफ झाल्यावरही चूल पेटली नाही, कारण पेटवायला कुणी उरलं नव्हतं. (दप्तरी नोंद : 'स्थलांतरित'.)

सरदारांच्या पत्नी एल्फवेनबाईसाहेब यांनी भर पंगतीत विषय काढला. "अहो, चुलीवरचा कर सोडा. माणसं गारठून मरताहेत."

सरदार बदकाची तंगडी सोलत म्हणाले, "सोडतो की! भर दुपारी, अंगावर सुताचा धागा न ठेवता, घोड्यावरून बाजारपेठ पार करून दाखव. चुलीवरचा सोडतो, थंडीवरचाही सोडतो."

पंगत खदखदून हसली. बाईसाहेबांनी हात पुसले.

"कुठल्या वेशीतून निघू?"

हसू थांबलं. सरदार म्हणाले, "अगं, बोलण्यात येतं असं."

"आलं ना? चाळीस माणसांनी ऐकलंय."

गावसभा तातडीने भरली. त्या दिवशी दारं-खिडक्या बंद ठेवाव्यात, कुणीही बघू नये, असा ठराव एकमताने झाला. मग पाणचक्कीवाल्या ऑर्डगारने मूलभूत शंका काढली, "पण कुणी बघत नाही, हे बघणार कोण?"

सभा गंभीर झाली. देखरेख समिती नेमायचं ठरलं. जागा सात, गावातले पुरुष चौऱ्याण्णव, अर्ज एक्क्याण्णव. उरलेल्या तिघांत दोघं आंधळे (त्यांतल्या एकाने अट शिथिल होईल का, अशी चौकशी केली होती) आणि तिसरा ऑस्विन रंगारी, पाय मोडून अंथरुणावर. कुणाचं मन मोडायला नको म्हणून एक्क्याण्णवही घेतले आणि प्रत्येकाला त्याच्याच खिडकीची फट नेमून दिली.

दारात उभी असलेली मेरविन भटारीण म्हणाली, "कर कमी करा म्हणायला गढीवर चला म्हटलं, तेव्हा एकेकाचे गुडघे दुखत होते. आता बरे झाले का रे, मेल्यांनो?"

(नोंद : 'विषयाबाहेरचे'.)

बाईसाहेब निघाल्या. मेरविन लगाम धरून, मागे वळून न बघता पुढे चालत होती. एकेका खिडकीखाली थांबून नाव घेऊन ओरडत होती, "ऑर्डगार, फट झाक! तुझी आई असती तर?" बाईसाहेब समोर बघत होत्या. ओठ निळे पडले होते. समितीने कर्तव्यात कसूर केली नाही.

सरदारांनी शब्द पाळला. संध्याकाळी ती तीन घरं सोडून सगळ्या धुराड्यांतून धूर निघाला.

पण मेरविनने फटी मोजल्या होत्या. चौकशी करणं भाग पडलं. सभासद तर कामावर होते, म्हणजे गुन्हेगार सभासद नसलेलाच हवा. डोळे असलेला असा एकच, ऑस्विन.

"अरे, मी भिंतीकडे तोंड, खिडकीकडे पाठ करून पडलो होतो!"

"मग खिडकी पाठीमागे आहे, हे तुला कसं ठाऊक?" ऑर्डगारने विचारलं. ऑस्विनला कुबडीसकट वेशीबाहेर काढलं.

आता लांबलांबून लोक येतात, आणि मी त्यांना ऑस्विनची खिडकी दाखवतो. घोडा कुठल्या रंगाचा होता, केस कुठवर पोचत होते, इथून नीट दिसलं असेल का, सगळं बारकाईने विचारतात. घरी परतल्यावर बाईसाहेबांचं काय झालं, हे वीस वर्षांत कुणी विचारलेलं नाही. तुम्हीही नाही विचारलंत.

(तीन आठवडे ताप होता. चौथ्या आठवड्यात चर्चची मयताची घंटा वाजली.)