ड्रॅगनचा सुळा

मध्यंतर संपून दहा मिनिटं झाली असतील. पडद्यावर ड्रॅगनने जबडा उघडला आणि दातांचे डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठून म्हणाले, "हा दात कुठून आला?"

पुढच्या रांगेतली तीन डोकी वळली. वहिनींनी नवऱ्याचा शर्ट धरून त्यांना खाली बसवलं. दवाखान्यातलं नोंदणीचं टेबल डॉक्टरांची बायकोच सांभाळत असे, म्हणून सगळे पेशंट तिला वहिनी म्हणत. पेशंट आरडाओरडा करतात त्याची वहिनींना सवय होती, पण डॉक्टरच करू लागले की त्यांना सुचेनासं व्हायचं.

"खालचा डावा सुळा," डॉक्टर कुजबुजले, म्हणजे चार रांगांना ऐकू जाईल इतकंच बोलले. "मध्यंतराच्या आधी राजाने गदेने मुळापाशी तोडला. मी डोळ्यांनी पाहिलाय. आता बघ, अख्खा."

"अहो, ड्रॅगन आहे तो."

"असेल. पण दात हा दात असतो."

सिनेमा तसा झकास होता. लेकीने दोन तिकिटं हातात ठेवून आईबाबांना रविवारी दुपारी मुद्दाम धाडलं होतं. मध्यंतरात पॉपकॉर्नच्या रांगेतल्या एका गृहस्थाच्या हिरडीत साल अडकलं, ते काढावं कसं हे डॉक्टरांनी त्याला सविस्तर समजावलं आणि त्यापायी दोघं पाच मिनिटं उशिराने आत आली. तेवढं सोडलं तर वहिनींना सगळं आवडलं. पंखांचा वारा तर अंगावर आल्यासारखा वाटला.

डॉक्टरांनाही आवडला, पण त्यांच्या आवडण्याची तऱ्हा वेगळी. घरी आल्यावर त्यांनी दवाखान्यातला प्लास्टरचा जबडा टेबलावर ठेवला आणि लेकीला चूक समजावून सांगायला घेतली. "इथे फटका बसला. इथून तुटला. आणि नंतरच्या लढाईत हजर. ड्रॅगनने कोणाकडे अपॉइंटमेंट घेतली, एवढंच मला कळू द्या."

लेकीने हे मोबाइलवर टिपून घेतलं आणि 'ड्रॅगनचा डेंटिस्ट कोण?' अशा नावाने इंटरनेटवर टाकलं. बुधवारपर्यंत तो व्हिडिओ साडेचार लाख लोकांनी पाहिला.

मग जे सुरू झालं त्याला आवर घालणं वहिनींच्या हाती राहिलं नाही. दाढ काढायला आलेली माणसं आ करण्याआधी ड्रॅगनबद्दल विचारू लागली. शाळेची पोरं दात मोजायला पुन्हा सिनेमाला जाऊ लागली आणि प्रत्येकाची बेरीज वेगळी येऊ लागली. सुळा दिसला की अख्खं थिएटर हसतं, असं कोणीतरी येऊन सांगितलं. डॉक्टर खूश झाले. त्यांच्या बोलण्यावर आजवर कोणी हसलं नव्हतं. तोंडात भूल आणि कापूस असताना हसणार तरी कोण?

पुढच्या सोमवारी एका बाईंचा फोन आला. वहिनींनी वही ओढली. "दुखतंय की हलतोय?"

"समोर आल्यावर सांगते," बाई म्हणाल्या.

पन्नाशीच्या, शांत, बोटांना पांढरी भुकटी लागलेल्या अशा त्या बाई आल्या आणि खुर्चीत मुकाट बसल्या. डॉक्टरांनी दिवा ओढला. "तक्रार कशाबद्दल आहे?"

"तुमच्याबद्दल," बाई म्हणाल्या. "तो ड्रॅगन मी केलाय."

बाहेर वहिनींच्या हातातलं पेन थांबलं. त्या उठून दारात आल्या.

बाईंचा आवाज चढला नव्हता. मातीचा जबडा, साचे, एकेक दात, हे सगळं त्यांनी चौदा महिने हाताने घडवलं होतं. निर्मात्यांच्या पुढच्या सिनेमात दोन ड्रॅगन होते आणि तेही काम त्यांनाच मिळायचं होतं. आता लोक हसतात म्हणून ते दुसऱ्या कोणाला द्यायचं चाललं होतं. उद्या बारा वाजता बैठक होती.

"पण बाई, चूक तर झालीच ना," डॉक्टर हळूच म्हणाले.

बाईंनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली दोन पुडकी काढली. एकात वीतभर लांब, मुळापाशी मोडलेला सुळा होता, दुसऱ्यात अखंड. "जरा दिव्याखाली धरा," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी भिंग लावलं. आधी उजवीकडून पाहिलं, मग डावीकडून, मग छोटा आरसा घेऊन मागून. वहिनींना ही शांतता ओळखीची होती. एक्स-रेत भलतंच काही दिसलं की डॉक्टर असे गप्प होत.

"हा तो दात नाही," अखेर ते म्हणाले. "हा नवा आहे. टोक झिजलेलं नाही. रंग एक छटा उजळ आहे. आणि शेजारच्यापेक्षा किंचित आखूड."

"मगरीचा दात पडला की खालून दुसरा येतो. जन्मभर येत राहतो. मी आठ महिने दर शुक्रवारी प्राणिसंग्रहालयात मगरीसमोर जाऊन बसत होते. मध्यंतरानंतर पहिल्याच दृश्यात पाटी आहे, 'दोन हिवाळे उलटले'. तेवढ्या काळात जितका वाढेल तितकाच केलाय."

"आम्ही ती पाटी पाहिलीच नाही हो," त्या म्हणाल्या. "तेव्हा आम्ही एकाच्या हिरडीतलं साल काढत होतो."

डॉक्टरांनी तोंडावरचा मास्क काढला. "बत्तीस वर्षं दातांत घालवली आणि माणसापलीकडे बघितलं नाही. चूक माझी. उद्या मी येतो तुमच्याबरोबर." मग न राहवून त्यांनी विचारलं, "ही झळाळी कशाने आणलीत?"

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून तिघं निर्मात्यांच्या कचेरीत गेली. डॉक्टरांच्या मांडीवर सुळ्यांची पिशवी होती. निर्माते बोटांत पेन फिरवत होते.

"साहेब, लोक हसतायत," निर्माते म्हणाले.

"लोकांना मी हसवलं. त्यात बाईंचं काही नाही," डॉक्टर म्हणाले आणि दोन्ही सुळे टेबलावर ठेवून पुढची वीस मिनिटं बोलत राहिले. कोर्टात साक्ष द्यावी तसे बोलले. झिजलेलं टोक दाखवलं, छटा दाखवली, निर्मात्यांच्या हातात भिंग दिलं आणि जाता जाता त्यांची एक दाढ लवकर भरून घ्यायला हवी हेही सांगितलं.

निर्माते त्या दाताकडे बघतच राहिले. "बाई, हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाही. किती दिवस लागतील, एवढंच विचारायचात."

निर्माते ओशाळले. पेन खाली ठेवून म्हणाले, "दोन्ही ड्रॅगन तुम्हीच करा. आणि डॉक्टर, तुम्ही नवा व्हिडिओ काढा, माफीचा."

"तो सकाळीच काढलाय," डॉक्टर म्हणाले. तो जेमतेम नऊ हजार लोकांनी पाहिला होता हे वहिनींनी सांगितलं नाही.

जिना उतरताना बाईंचा चेहरा पहिल्यांदाच सैलावला. "एक विचारू, डॉक्टर? सिनेमात खरी चूक एकच आहे. ती तुम्हाला कशी दिसली नाही? शेवटी राजा आभाळाकडे बघून ओरडतो, तेव्हा..."

"वरची उजवी दाढ," डॉक्टर म्हणाले. "चांदी भरलेली. हजार वर्षांपूर्वीचा राजा आणि दाढेत चांदी. दिसली ना."

"मग त्यावर अवाक्षर नाही काढलंत?"

डॉक्टर पायरीवर थांबले. "पडद्यावर ती दाढ दाराएवढी दिसते हो. एवढी मोठी करूनही कडेला केसाएवढी फट नाही. कोणाचा हात आहे कोण जाणे. असल्या कामाला चूक म्हणायला जीभ रेटेना."

बाई हसत हसत पुढे गेल्या. वहिनी मात्र मागेच राहिल्या. राजा ओरडला त्या क्षणी अंधारात डॉक्टरांनी त्यांचा हात घट्ट धरला होता. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण सिनेमात असं कधी घडलं नव्हतं. आठवडाभर वहिनींनी ही गोष्ट लेकीलाही सांगितली नव्हती.

"अहो," त्या म्हणाल्या, "तेव्हा माझा हात धरलात, तो त्या दाढेसाठी?"

डॉक्टर विचारात पडले. खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं. "एवढं सुरेख काम दिसलं," ते म्हणाले, "आणि ओरडायला तर तू बंदी घातली होतीस. मग सांगायचं कुणाला?"

वहिनींनी यावर दोन पायऱ्या विचार केला. मग डॉक्टरांच्या हातातला पिशवीचा एक बंद आपल्या हातात घेतला आणि दोघं मिळून ते दोन दात सांभाळत खाली उतरली.