शमुवेलभाऊंना न आलेलं बोलावणं

आमच्या आंबिवलीच्या चाळीत कुणीही कुणालाही हाक मारली, की शमुवेलभाऊ दारात हजर. "मला बोलावलंत?" हाक भंगारवाल्याला असो नाहीतर कुणाच्या मांजरीला. एकदा माझी बायको माझ्या नावाने ओरडली, तर हेच आले आणि माझ्या वाट्याची सगळी बोलणी मान खाली घालून ऐकून गेले. माणूस देवाघरचा, पण एक स्क्रू ढिला, असं चाळीचं एकमत होतं.

कारण मला पुढे कळलं. त्यांच्या आईची आधीची मुलं जगली नव्हती. नगरकडच्या त्यांच्या गावातल्या चर्चमध्ये तिने गुडघे टेकून शब्द दिला, हा जगला तर प्रभूच्या सेवेला देईन. बायबलमधल्या शमुवेलाच्या आईने दिला होता, तसाच. त्या शमुवेलाला देवाने नाव घेऊन हाक मारली होती. आमचे शमुवेलभाऊ कंपनीच्या गोदामात गठ्ठे लावता लावता पन्नाशीला आले, तरी हाक काही येईना.

"प्रभूची माझ्यासाठी योजना आहे हो सावंत. मला सापडत नाही, एवढंच," असं ते चष्मा हरवल्यासारखं सांगायचे.

शोधण्यात मात्र कसूर नव्हती. भजनांसाठी पेटी शिकायला घेतली. शेजारी वैतागून भिंत बडवायचे, यांना वाटायचं ठेका धरलाय. चर्चच्या पाळकसाहेबांनी एकदा घरगुती प्रार्थनासभेत त्यांना उपदेशाला उभं केलं. समोर माणसं बघून यांची वाचाच बसली. शेवटी, "उद्या नळाला पाणी उशिरा येणार आहे, आमेन," म्हणाले आणि खाली बसले. सगळे हसले, तेही हसले. त्यांची आई तेवढी हसली नाही.

म्हातारीचे डोळे गेले होते. ते कामावरून आले, की खाटेवरून एकच प्रश्न यायचा.

"बोलावलं का रं प्रभूनं?"

"नाही आई, अजून."

"बोलवंल. म्या शबुद दिलाय."

भिंतीपलीकडून हे मला रोज ऐकू यायचं.

पुढे म्हातारीने अन्न सोडलं. एका दुपारी मी पेज घेऊन गेलो, तेव्हा शमुवेलभाऊ ओल्या फडक्याने तिचे पाय पुसत होते. तिने तेच विचारलं. ते थांबले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "होय आई. बोलावलं. या रविवारी मी उपदेश करणार."

तिचा चेहरा असा उजळला, की मला बघवेना. "मंग मला सांग की आधी!"

आणि ते बोलू लागले. चुकलेल्या एका मेंढरासाठी काट्याकुट्यांतून वणवण फिरणाऱ्या मेंढपाळाबद्दल. कुठे अडखळले नाहीत. म्हातारी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून ऐकत होती. शेवटी हळूच "आमेन" म्हणाली आणि झोपली. ती पुन्हा उठलीच नाही.

कल्याणच्या दफनभूमीतून परतताना त्यांनी माझा दंड धरला.

"सावंत, मी खोटं बोललो हो. तेही प्रभूचं नाव घेऊन. आता तो मला कशाला बोलावील?"

"अहो, त्या दुपारचा उपदेश मी माझ्या कानांनी ऐकलाय," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली.

"तो उपदेश नव्हता," ते म्हणाले, "मी आईशी बोलत होतो."