पदार्थ : इतर

माझ्या शुद्धलेखनाच्या चुका आधीच पोटात घाला. शाळा मी आठवीत सोडली, त्यामुळे माझ्याकडे शब्द साधे आणि मोजके. आणि ही गोष्ट अशी आहे की तिच्यासाठी चारचौघांत चालणारे शब्द त्याहूनही मोजके आहेत. जमेल तसं सांगतो.

मी बटणांच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मदतनीस आहे. तीन वर्षं भाज्या चिरतोय. या महिन्यात भाजीच्या मोठ्या शेगडीवरचे आचारी निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी माझं नाव पुढे आलं होतं. बायकोने ते माहेरी सांगूनही टाकलं होतं. (माहेरी गेलेली बातमी परत आणता येत नाही.) अट एकच होती. शेगडीवर उभं राहण्याआधी शौचाची तपासणी करून घ्यायची. पोटात जंत निघाले, तर औषध घेऊन पुन्हा तपासणी होईपर्यंत अन्नाला हात लावायचा नाही.

आणि नेमकी मला माझ्याच पोटाची खात्री नव्हती. मी दोन माणसांचं जेवत होतो आणि पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडत होतो.

"अहो, खाता ते जातं तरी कुठे?" बायको विचारायची.

ते कुठे जात असावं याचा मला संशय होता. पण लग्नाला जेमतेम आठ महिने झाले होते. नव्या बायकोला कसं सांगणार, की तू दोघांपुरता स्वयंपाक करतेस आणि घरात खाणारे किती आहेत ते मलाच माहीत नाही?

म्हणून मी गुपचूप पथ्य सुरू केलं. कॅन्टीनमध्ये बटाटे सोलणारे मामा म्हणाले, "गोड बंद कर. जंत उपाशी मरतात." थोरली ताई म्हणाली, "उलट आधी गोड खायचं. ते गोडाच्या वासाने एका जागी जमले, की वरून कच्चा लसूण." कोपऱ्यावरचा न्हावी म्हणाला, "भोपळ्याच्या बिया." (न्हाव्याला मी विचारलं नव्हतं. त्याने माझी मान बघून ओळखलं म्हणे.) मी कुणालाच दुखवलं नाही. सकाळी गोड बंद, दुपारी गोड सुरू, संध्याकाळी लसूण, आणि बिया खिशात. जंत किती गोंधळले असतील माहीत नाही, मी पुरता गोंधळलो.

बायकोने चौथ्या दिवशी ताट माझ्यापुढे आपटलं.

"माझ्या हातचं नको झालंय का तुम्हाला?"

"नाही गं."

"मग घास घेण्याआधी लसूण का चावता? आणि खिशात बिया कसल्या? बाहेर कुठे जेवता का?"

"बिया कोण बाहेर जेवतं?"

"तेच तर मी विचारतेय!"

मी आणखी एक पाकळी तोंडात टाकली. ती उठून आत गेली.

आता तपासणीचा दिवस. नमुन्याची डबी लॅबमध्ये फुकट मिळते. पण लॅबच्या काउंटरवर माझ्या बायकोची मावसबहीण बसते. तिच्यासमोर उभं राहून "एक डबी द्या" म्हणायचं, ही कल्पनाच मला झेपेना. म्हणून मी एक छोटासा निर्णय घेतला. आदल्या संध्याकाळीच कॅन्टीनमधली एक कोरी डबी घरी नेली. भरलेली डबी मान खाली घालून ठेवायची आणि पळायचं, एवढं मला जमलं असतं.

इथे आमची कॅन्टीनची पद्धत सांगायला हवी. आम्ही जे काही शिजवतो, त्यातलं थोडं रोज पांढऱ्या झाकणाच्या छोट्या डबीत भरून फ्रीजमध्ये तीन दिवस ठेवतो. कुणाचं पोट बिघडलं, तर डॉक्टर ती डबी तपासतात. प्रत्येक डबीवर छापील लेबल असतं: पदार्थ, बनवणारा, तारीख, वेळ. कारखान्याने दिलेल्या लॅबच्या चिठ्ठीतही डबीवर नाव, तारीख आणि वेळ लिहायला सांगितलं होतंच. मला वाटलं, आयतं लेबल आहे, भरून टाकू. बनवणारा म्हणून माझं नाव लिहिलं. तारीख टाकली. वेळ, सकाळी सव्वासहा. 'पदार्थ' या शब्दापाशी मात्र पेन थांबलं. रकाना मोकळा सोडला की कॅन्टीन सांभाळणाऱ्या मॅडम ओरडतात. खूप विचार करून मी लिहिलं, "इतर".

लॅब नऊला उघडते आणि कॅन्टीन सातला. मी डबी पिशवीत घालून कॅन्टीनच्या फळीवर ठेवली आणि गाजरं चिरायला बसलो. नऊला पिशवी उचलली, तर हलकी लागली. आत डबी नव्हती.

"वस्ताद," मी मुख्य आचाऱ्यांना विचारलं (सगळे त्यांना वस्तादच म्हणतात), "माझ्या पिशवीतली डबी पाहिलीत?"

"पाहिली! नमुन्याची डबी बाहेर फळीवर ठेवतात का रे गाढवा? खराब नाही का होणार? मी ठेवली फ्रीजमध्ये, सुपाच्या शेजारी."

मी फ्रीजकडे धावलो. तेवढ्यात दार उघडलं आणि मॅडम आत आल्या. त्यांच्यामागून कारखान्याचे डॉक्टर. अचानक तपासणी! मॅडमनी माझ्या आधी फ्रीज उघडला.

"भात, ठीक. सूप, वेळ लिहिलेली नाही. अंडी, नाव नाही." त्या एकेक डबी बाहेर काढत होत्या. मग थांबल्या. "हे काय? पदार्थ, इतर?"

मी भिंतीला टेकलो.

"बनवणारा तू. सकाळी सव्वासहा? सव्वासहाला तर कॅन्टीनला कुलूप असतं. कुठे बनवलंस?"

"घरी," मी पुटपुटलो.

"एकट्याने?"

"हो मॅडम."

"कारखान्याचं सामान वापरून?"

माझ्या डोक्यात नुसता धूर होता. दुपारचं जेवण मी कॅन्टीनमध्येच करतो. खोटं बोलायची सवय नाही. म्हणालो, "थोडं कारखान्याचं, थोडं घरचं."

वस्ताद हादरले. "सामान चोरतोस? मी तुझं नाव शेगडीसाठी दिलं आणि तू..."

"चोरी नाही वस्ताद! आदल्या दिवशीच्या जेवणातलंच आहे."

"उरलेल्या जेवणाचं काहीतरी नवीन केलंय?" मॅडमचा चेहरा एकदम बदलला. अन्न वाया जाऊ नये हे त्यांचं आवडतं वेड. "अरे मग लाजतोस काय? हेच तर हवंय मला! डॉक्टर, बघा, शिकलेला नाही पण डोकं चालतं. किती माणसांना पुरेल?"

"मॅडम, ते पुरवायचं नाहीये..."

त्यांनी झाकणाला अंगठा लावला.

आयुष्यात मी कुणावर आवाज चढवलेला नाही. पण त्या क्षणी मी असा ओरडलो की पलीकडच्या खात्यातलं मशीन कुणीतरी बंद केलं. "उघडू नका! ते लॅबचं आहे! माझं आहे! जंतांचं आहे!"

डॉक्टरांनी मॅडमच्या हातातून डबी हळूच काढून घेतली, लेबल पुन्हा वाचलं, आणि तोंडाला रुमाल लावून खिडकीपाशी गेले. त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते. मॅडम हात धुवायला गेल्या. त्या अर्ध्या तासाने परतल्या.

फ्रीजमधलं सगळं फेकलं गेलं. फ्रीज अर्थातच मी धुतला, गरम पाण्याने, तीन वेळा. डॉक्टरांनी शिपायाकरवी डबी लॅबमध्ये पाठवली (आणि मावसबहिणीने लेबल वाचलंच). संध्याकाळी रिपोर्ट आला. जंतांची अंडी होती.

"पण डॉक्टर, मी पथ्य पाळलं!" मी लसूण, गोड आणि बियांचं सगळं वेळापत्रक सांगितलं.

"त्याने जंत मरत नाहीत. तोंडाला वास येतो, तेवढाच," ते म्हणाले. "न धुतलेली भाजी कच्ची खातोस का?"

मी पोत्यातल्या गाजरांकडे बघितलं. तीन वर्षं चिरता चिरता एक तोंडात, अशी माझी सवय होती. माती मी पँटला पुसायचो.

"गोळी घे. बायकोलाही दे. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासू. रिपोर्ट चांगला आला, तर शेगडी तुझीच. तोपर्यंत अन्नाला हात नाही."

गोळ्या घेऊन घरी गेलो. बायकोला सगळं सांगितलं, तिच्याकडे न बघता, भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगितल्यासारखं. ती उठून उभी राहिली. मला वाटलं, आता बॅग भरते.

"म्हणजे माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत नव्हता?"

"नाही गं. उलट सगळ्यांनाच आवडत होता."

ती हसायला लागली ती थांबेचना. डोळे पुसून तिने स्वतःची गोळी आधी घेतली. मग म्हणाली, "माहेरी काय सांगू?"

"सांग, दोन आठवडे लांबलं."

"कशामुळे विचारलं तर?"

"सांग, इतर कारणं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सातच्या आधीच कॅन्टीनला पोचलो. मॅडमनी मला नळापाशी उभं केलं होतं. येणाऱ्या प्रत्येकाला साबण लावून हात धुवायला लावायचं, हे माझं नवीन काम. कामगार आले, पण कुणीच नळाकडे वळेना. रोजचे पदार्थ लिहायचा भिंतीवर फळा आहे, सगळे त्याच्यापुढे गर्दी करून उभे. मी टाचा उंचावून पाहिलं. वर मॅडमच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: "लेबल असे पूर्ण भरावे. एकही रकाना मोकळा सोडू नये." खाली त्यांनी नमुना म्हणून माझं लेबल उतरवलं होतं, नाव, तारीख आणि सव्वासहाच्या वेळेसकट.

वस्ताद हात धुवायला पुढे आले. मी साबण दिला. तीन वर्षांत त्यांनी माझ्या हातच्या एकाही गोष्टीचं कौतुक केलं नव्हतं.

"पोरा," ते फेस चोळत म्हणाले, "तुझ्या हातची फळ्यावर लागलेली ही पहिलीच डिश."