वैनगंगेचे वज्र आणि सुगंधाबाईंची चाळीस पोती

श्रीमार्कंडदेव समर्थ. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी, चामोर्शी मुलखात मोठी धामधूम जाहली, तिची हकीकत जैसी जाहली तैसी लिहिली; हसणे ते ज्याने त्याने आपल्या जोखमीवर हसावे.

राजश्री प्रणितराव म्हणजे ड्रॅगन पाहिला नाही, तलवार धरिली नाही, विळाही धड धरिता येत नाही, ऐसे शूर. यांणी पॉवर मेटलचा, म्हणजे तलवारी-ड्रॅगनांची गाणी उंच सुरात गाण्याचा, बँड उभा केला, आणि गिटारीवर दिव्यानीबाई नेमिली, आणि ड्रमच्या तोफखान्यावर विनोदराव, आणि 'वैनगंगेचे वज्र' नामे अल्बम करावा ऐसी मसलत ठरली. मग आजीची धानाची कोठी स्टुडिओ म्हणोन काबीज केली, आणि आवाज घुमू नये म्हणोन आजीचाच रिकामा बारदाना, पोती चाळीस, चारी भिंतींस खिळ्यांनी ठोकिला. पुसिले कोणास? कोणासही नाही.

आजी म्हणजे मातोश्री सुगंधाबाईसाहेब. शाळा दुसरीपावेतो, परंतु जबान ऐसी की सरपंच वाट बदलोन जाय. मळणी उरकली, धानाची रास खळ्यात उघडी, आणि आभाळ काळे जाहले, आणि बाईसाहेब पोती शोधीत फिरल्या, मग कोठीचे दार लोटिताच फितवा उघडकीस आला. वर्षाचे अन्न भिजणार! बारदाना तत्काळ हुजूर दाखल करावा, ऐसा हुकूम सुटला. प्रणितरावांनी अर्ज गुजारिला की नऊ गाणी फत्ते, दहाव्याचा अखेरचा उंच सूर तेवढा बाकी.

"आजी, एकच सूर राह्यला न वं!"

"तुह्या सुरानं धान झाकते का रे, बाबू?"

तरी मातोश्रींनी उदार होवोन तीन हल्ल्यांची मोहलत बक्षिली. पहिल्यास प्रणितरावांचा सूर दातांत अडला, दुसऱ्यास खोकला गनिमास मिळाला, तिसऱ्यास जो आवाज निघाला तो ऐकोन गोठ्यातील म्हैस हंबरली, आणि ती मात्र सुरात होती.

इतक्यात छपराच्या कवेलूवर पहिला थेंब वाजला. मग बाईसाहेब खासा माइकापुढे येवोन गर्जल्या, "माह्ये पोऽऽऽते!" तो सूर आढ्यास भिडला आणि उतरेचना, आणि विनोदराव भयाने ड्रम बडवीतच राहिले, आणि रेकॉर्डिंग चालूच होते.

दिव्यानीबाई हळूच बोलली, "झालं. हाच पायजे होता."

मग अवघी फौज खिळे उपटोन खळ्यात धावली. धान भरोन शेवटचे पोते कोठीत पडले आणि पाऊस कोसळला.

मागाहून प्रणितरावांनी दरख्वास्त केली की सूर ठेवावा, शब्द तेवढा पुसावा. जाब आला, "काऊन? धानाची लाज वाटते काय तुले?" शब्द राहिला. सांप्रत त्या गाण्यात वीर तलवार उपसतो, ड्रॅगन पाडितो, आणि लगेच पोती मागतो. आणि मार्कंड्याच्या जत्रेत तरणी पोरे त्याच शब्दावर हात उंचावोन ओरडतात.

येणेप्रमाणे फत्ते मातोश्रींची, नाव बँडाचे, दाणा एक भिजला नाही. बारदान्यास खिळ्यांची भोके बहुत पडली; पोती रिकामी होतील तैसतैसी ती बुजविण्याची कामगिरी प्रणितरावांस जाहली. अखेर हाती शस्त्र आले. दाभण.