अकरा जणींच्या विहिरीची हकीकत

श्रीग्रामदेवता साक्ष. शके एकोणीसशें एकेचाळीस, विकारी नाम संवत्सरीं, माघमासीं नगरीं जें वर्तमान जाहलें तें यथास्थित लिहितों. नगरप्रमुख जगदेवराव यांचे मनीं आलें कीं, नगराचा पूर्ववृत्तांत लोपतो आहे, तरी जुने फोटो आणि वाडवडिलांच्या चिजा एके दालनीं मांडाव्या. मग दवंडी पिटविली, आणि लोक ट्रंका उघडोन लग्नाचे फोटो, पगड्या, अडकित्ते घेवोन आले, आणि एक गृहस्थ तर आजोबांची कवळी घेवोन आला. जगदेवरावांनीं आपले दिवंगत तीर्थरूप सर्जेराव यांचा थोर फोटो मध्यभागीं लाविला आणि खालीं लिहविलें, 'दुष्काळसालीं गांवची विहीर यांणीं खोदली.'

मग उद्घाटनाची सभा भरली, आणि जगदेवरावांच्या मातोश्री ताराऊसाहेब पुढील खुर्चीवर विराजमान जाहल्या. इतक्यांत चांगुणाबाई खिलारे, वय वर्षें पंचाहत्तर, खणांत गुंडाळलेला फोटो घेवोन आल्या. त्यांत खड्ड्याचे तळीं अकरा बाया कुदळी, पाट्या घेवोन उभ्या. चांगुणाबाई बोलल्या, "हीर आमी खांदली, बाबा. तुजा बाप वर छत्री धरून हुबा व्हता."

सभेंत हंशा पिकला आणि जगदेवराव कोपास चढले. म्हणाले, "ह्या कोण, कुठल्या? नावं सांगा, नाहीतर फोटो उचला."

मग चांगुणाबाईंनीं एकेकीवर बोट ठेवोन आपल्यासुद्धां दहा नांवें सांगितलीं. पैकीं सात जणी वारल्या होत्या. अकरावीचें तोंड पदरानें झांकलेलें. तेथें बोट थांबलें. "हिचं सांगायची न्हाई. शबूद दिलाय."

"नाव नाही म्हणजे सगळंच खोटं!" जगदेवराव गरजले.

तेव्हां ताराऊसाहेब खुर्ची धरोन उठल्या आणि बोलल्या, "ती मी हाय."

मग लेकाकडे वळोन म्हणाल्या,

"थोरल्या घरची सून खड्ड्यात उतरली म्हणून कळतं, तर मला उंबऱ्यात घेतलं नसतं. पर पाणी मलाबी लागत हुतं. जगू, तवा तू पोटात हुतास."

 मग जगदेवरावांनीं स्वहस्तें तीर्थरूपांखालील पाटी काढिली, आणि कोरा कागद घेवोन दहा नांवें लिहिलीं, आणि हळूच पुसिलें, "आई, तुझं नाव माहेरचं लिहू का सासरचं?"

"नुस्तं तारा लिही. खड्ड्यात ह्या मला तेवढ्याच नावानं हाका मारायच्या."

एणेंप्रमाणें सर्जेराव बाजूचे भिंतीस गेले आणि अकरा जणी मध्यभागीं आल्या. जें पाहिलें, ऐकिलें, तितुकेंच लिहिलें.