पास्कूमामांचा डावा हात

आमच्या पास्कूमामांच्या डाव्या हातात गेले आठ महिने एक काडेपेटी असते, आणि मामा विडी ओढत नाहीत. पेटीत तांदळाचे दहा-बारा दाणे. मासळीबाजारात, न्हाव्याच्या खुर्चीत, चर्चमध्ये पाद्रींचा उपदेश चालू असतानासुद्धा मामा ती मनगटातून खुळखुळवत असतात. एकदा पाद्री बोलायचे थांबून यांच्याकडे बघत राहिले, तर यांनी फक्त वेग कमी केला.

मामा बासष्टाव्या वर्षी व्हायोलिन शिकताहेत. गज बरा चालतो, सूरही जागेवर पडतात. घोडं अडलं होतं व्हायब्रेटोवर. तारेवरचं बोट जागच्या जागी डोलवलं की सूर थरथरतो, त्याला म्हणायचं व्हायब्रेटो. मोबाइलवरची एक परदेशी मुलगी तो शिकवते. मामा तिला ‘आमची मास्तरीण’ म्हणतात. तिनं सांगितलं काडेपेटीत तांदूळ, यांनी घातले तांदूळ. तिनं सांगितलं, व्हायोलिनचं डोकं भिंतीला टेकवा म्हणजे हात मोकळा होईल. मामांच्या भिंती चिऱ्याच्या, खरखरीत. म्हणून शेजारच्या माझ्या घराची. दिवाळीला रंग दिलेल्या माझ्या भिंतीवर आता खांद्याच्या उंचीवर एक काळा डाग आहे.

खरी अडचण हाताची होती. मामा तीस वर्षं एसटीच्या लाल गाडीचे ड्रायव्हर. फोंडाघाट चढताना गिअरचा दांडा थडथडायचा, तो मामा डाव्या हातानं दाबून गप्प बसवायचे. "गाडी हलूंदे, हात हलाक नको," हे त्यांचं ब्रीदवाक्य. ज्या हाताला जन्मभर गप्प बसायला शिकवलं, त्याला आता हल म्हटलं तर तो कसला ऐकतोय! मामा हलत, खुर्ची हले, सूर मात्र ढिम्म. मग खाऱ्या हवेनं तारा बिघडतात म्हणून सांगत. नाचता येईना अंगण वाकडं.

वाडीत सल्ल्यांना तोटा नव्हता. भजनीबुवा म्हणाले, वाजवायची पेटी घ्या, तिच्यात ही भानगडच नाही. एकानं हात कधीपासून हलतोय विचारून कुडाळच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. मी म्हटलं, मामा, गोव्याचा वाजवणारा दरवर्षी येतोच, त्यालाच बोलवा.

कारण मे महिना जवळ आला होता. मे महिन्यात वाडीतल्या क्रुसापुढं लदीन असते, म्हणजे व्हायोलिनच्या साथीनं गायची संध्याकाळची प्रार्थना. यंदा मामांनी गोव्याच्या माणसाला कुणाला न विचारता नको म्हणून कळवून टाकलं होतं. आता यांना जमलं नाही, तर वाडीची लदीन यांच्या एका बोटापायी बुडणार. मामांची बायको रोजामामी चाळीस वर्षं लदिनीत पहिला सूर धरत आल्या. गेल्या वर्षी त्यांचा आवाज कापला, पुढच्या मुली ओढणीत तोंड लपवून हसल्या. मामींनी घरी येऊन सांगितलं, यापुढं मी फक्त लदिनीनंतर वाटायचे चणे शिजवीन.

लदिनीला मी मुद्दाम पुढं बसलो. खोटं कशाला बोलू, गंमत बघायला. मामांनी गज टेकवला आणि हात हलला. हलला म्हणजे किती! वाऱ्यातल्या होडीसारखा सूर दोन्हीकडं कलंडायला लागला. मला हसू आवरेना. माझं बघून बाकीचे हसले. मामा डोळे मिटून तेच कडवं पुन्हा पुन्हा वाजवत राहिले.

मग मागून, चण्यांच्या टोपाजवळून, मामींनी सूर धरला. त्यांचा आवाज कापत होता, व्हायोलिन त्याहून जास्त कापत होतं, आणि थोड्याच वेळात त्यातलं कापरं कुणाचं ते कळेनासं झालं. मामी शेवटपर्यंत गायल्या. मुलींनी त्यांच्यामागून सूर ओढला.

तरी चणे खाताना मी शहाणपणा केलाच. म्हटलं, मामा, जरा जास्तच हललं.

"माका ठावक आसा," मामा म्हणाले. मामी लांब आहेत ना, ते त्यांनी वळून बघितलं. "एप्रिलातच माका बरो जमाक लागललो. पण तिच्या आवाजापेक्षा व्हायोलिन जास्त हललाच पायजे रे. मगे लोक माका हसतत, तिका नाय."

सगळ्यांच्या आधी मी हसलो होतो, हे मला त्यांना सांगता आलं नाही.